झुलालआबांची चौकशी

शहाण्णव साली, धरणगावात तीस वर्षं कापूस मापणाऱ्या झुलालआबांचा मापाडीचा परवाना अडकला. सरकारी शिक्क्याची वजनं न वापरता, त्याच काट्यावर जोखलेल्या घरच्या वजनांनी त्यांनी काटा तपासला, असा आरोप होता. चौकशीच्या आदल्या दिवशी मुलगा हिंमत परदेशातून आला. क्ष-किरण लेसरचा निमिषभरही न टिकणारा झोत नेमका किती वेळ असतो, हे मोजल्याबद्दल त्याला तिकडे डॉक्टरेट मिळाली होती.

"एवढासा वेळ मोजाले घड्याळ कोनतं शे?" आबांनी विचारलं.

"तेवढं बारीक घड्याळच नाही, आबा. झोताचे दोन भाग करायचे, एकाला किंचित मागे ठेवायचं आणि झोत झोतानेच मोजायचा."

"म्हंजे माप बी तेच अन् माल बी तोच?"

"हो."

त्या रात्री, पंधरा दिवसांत पहिल्यांदाच, आबांच्या घशाखाली अख्खी भाकरी उतरली. दुसऱ्या दिवशी त्यांनी हे सगळं चौकशीच्या साहेबांना न अडखळता समजावून सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं, लिहून घेतलं आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला.



'आरोप कबूल, परवाना कायमचा रद्द. सदर युक्ती मुलगा परदेशातून शिकून आल्याचे आरोपी सांगतो.'