न विणलेले मोजे

मोज्यांच्या कारखान्याला कुलूप लागलं आणि ताईचे विणते हात रिकामे झाले. सरकारकडे मदत मागितली, तर उत्तर आलं, 'उत्पादनाचा निर्देशांक पाहा. तुमच्या धंद्यात तर बरकत आहे.' ताई तरातरा धाकट्या भावाच्या सांख्यिकी कचेरीत शिरली.

"काय रे दीडशहाण्या, बंद यंत्रांवर मोजे तू विणलेस का?"

"ताई, ओरडू नकोस. तुमच्या मालकाने आकडाच कळवला नाही. अशा वेळी इतर कारखान्यांइतकी वाढ धरायची, असा जगभरचा नियम आहे. त्या दुसऱ्या मोजेवाल्याचं उत्पादन दुप्पट झालं, म्हणून तुमचंही दुप्पट धरलं."



"त्याचं होणारच, मेल्या! आम्ही बंद पडल्यावर आमची सगळी गिऱ्हाइकं त्याच्याकडेच गेली."