जवळच्या शेताची माती

रेजिनाच्या लग्नाचं साल ते, एकोणीसशे त्र्याहत्तर. लग्न दुसऱ्या दिवशी होतं. संध्याकाळी नवरीचा रोस, म्हणजे नारळाच्या रसानं तिला न्हाऊ घालायचं, म्हणून बायका सकाळपासून मांडवात नारळ खोवत बसल्या होत्या. इतक्यात शेजारचा सिमांव कमरेपर्यंत चिखलानं माखलेला आत शिरला.

"बांध फुटला! मानशीच्या दरवाजाजवळ. आठ हात!"

खवण्या तिथंच राहिल्या. रोसाच्या दिवशी नवरीनं उंबरा ओलांडायचा नसतो, तरी रेजिनासुद्धा टोपली घेऊन धावली. तिची आई पिएदाद मागून निघाली, खोबऱ्यानं माखलेले हात तसेच घेऊन.

बांधाच्या बाहेर खाऱ्या पाण्याची नदी आणि आत सगळ्या गावाची भातशेती, नदीहून सखल; मधे पाणी अडवणारा-सोडणारा मानशीचा दरवाजा. कापणीला पंधरा दिवस उरले होते. ओहोटी संपून पाणी पुन्हा चढायला लागलं होतं. दिवस पुनवेचा. दुपारी बारा वाजेपर्यंत भगदाड बुजलं नाही, तर भरती सरळ भातात येणार होती.

बांध बुजवायला शेतातली चिकट माती लागते. नदीतला गाळ वाहून जातो आणि डोंगराची तांबडी माती विरघळते. म्हणून भगदाडाला लागून असलेलं शेत खणायचं, पुरुषभर खोल, उभ्या पिकासकट. गावाची रीत अशी की, ते शेत कसणाऱ्यानं पहिलं ढेकूळ आपल्या हातानं उचलून बांधावर ठेवायचं. त्याआधी कुणी कुदळ लावायची नाही. नाही म्हणायचा हक्कही त्याचाच.

या वेळी जवळचं शेत पिएदादचं होतं. विधवा बाई, तिचं तेवढं एकच शेत. त्यात कोरगुट उभा होता, जाडा, तांबडा, जुन्या काळचा भात. बाकीच्या गावानं तीन वर्षांपूर्वी सरकारी पांढरं बियाणं घेतलं होतं आणि पिएदादला पोटभर हसून घेतलं होतं.

माती मागायचं काम बांधाचं बघणाऱ्या बोस्त्यांवचं. वीस शेतांचा धनी माणूस. पण तो दुसरीकडे तोंड करून भगदाडात ठोकलेल्या मेढी मोजत उभा राहिला.

"अरे, माग की," सिमांव म्हणाला. "एरवी चर्चच्या पायरीवर तुझा आवाज नदीपलीकडं ऐकू जातो."

"तू माग."

"मी? मी काय बांधाचा मुखत्यार आहे? मला फेणीसुद्धा सगळ्यांच्या शेवटी मिळते."

कुणी हसलं नाही. म्हातारी माणसं पाण्याकडं बघत राहिली. शेवटी पिएदादच पुढं आली.

"बोस्त्यांव, इकडं बघ. काय हवंय?"

"दिसतंय ना तुला, माय."

"दिसतंय. तोंडानं माग."

बोस्त्यांवनं डोक्यावरची टोपी काढली. "माती हवी, माय. तुझ्या शेतातली."

"माझ्या भाताला खारं पाणी बाधत नाही, ठाऊक आहे ना? दोन दिवस बुडाला तरी कोरगुट मान वर काढतो. तुमचा पांढरा एका भरतीत जळेल. मी नुसती घरी जाऊन मुलीला रोस घातला, तरी पंधरा दिवसांनी गावात एकटीच कापणीला उतरेन."

"खरं आहे."

"डुकरांचं खाणं म्हणाला होतास याला."

"म्हणालो होतो."

पिएदादनं शेताकडं पाहिलं. लोंब्या भरून वाकल्या होत्या. पुढच्या वर्षी सारा गाव बियाणं मागायला तिच्या दारात उभा आहे, बोस्त्यांव सगळ्यांच्या शेवटी, असं तिला क्षणभर स्पष्ट दिसलं. गोड वाटलं. ते गोड तिनं जिभेवर थोडं घोळू दिलं.

मग पदर खोचून ती शेतात उतरली. सिमांवच्या हातातलं खोरं घेऊन तिनं मुळांसकट एक ढेकूळ उपटलं. लोंब्या त्याच्या कडेनं लोंबत होत्या. रीतीप्रमाणं ते बांधावर ठेवायचं. तिनं ते बोस्त्यांवच्या हातात ठेवलं.

"धर. मी देते आहे आणि तू घेतो आहेस. लोकांना नीट बघू दे."

बोस्त्यांवनं ते दोन्ही हातांनी घेतलं. भगदाडाच्या काठावर गुडघे टेकून त्यानं ते पहिल्या दोन मेढींच्या मध्ये बसवलं.

त्यानंतर शंभर हात लागले. पुरुषांनी खणलं, बायकांनी टोपल्या वाहिल्या, मुलांनी पेंढा तुडवला. नवरी केसांपर्यंत माखली. "लागला रे लागला हिला रोस," सिमांव ओरडला, "फक्त रंग चुकला!" तेव्हा मात्र सगळा बांध हसला.

भरती बारा वाजता आली. नव्या मातीला चार बोटं कमी, एवढी चढली, तिथं उभी राहिली आणि परत गेली. आत एक थेंब आला नाही. पिएदादच्या शेताचं तळं झालं होतं. पुढं सहा वर्षं त्यात काही पिकलं नाही.

संध्याकाळी रेजिनाचा रोस झाला. बोस्त्यांव मांडवाबाहेर अंधारात उभा होता. पिएदादनं त्याला नावानं हाक मारून आत घेतलं आणि म्हाताऱ्यांच्या रांगेत बसवलं. सगळा मांडव वळून बघू लागला. कारण तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

रेजिना पोटात असताना बांध असाच फुटला होता. त्या वेळचं जवळचं शेत बोस्त्यांवच्या बापाचं होतं, आणि तो नाही म्हणाला होता. मग माती पलीकडच्या काठावरून होडीनं आणावी लागली. तिसऱ्या खेपेला भरलेली होडी भरतीत उलटली. तीत पिएदादचा नवरा कायतान होता. तो वारला एकोणीसशे एक्कावन्न साली, ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला.