उघाडी

बांधातल्या, फळी लावून पाणी अडवायच्या उघाडीतून भरतीचं पाणी आत घुसताना दिसलं आणि आप्पा लाकडी पुलावरून थेट चिखलात उतरले. "फळी कुणी वर ओढली? भात खाऱ्यात जाईल!" चपला हातात घेऊन कुंदा वडलांमागे धावली.

आप्पांचं शेत केव्हाच या नदीकाठच्या उद्यानात गेलं होतं. उरलं होतं ते खाऱ्या पाण्याचं दलदलीचं खाजण, बगळे आणि फोटो काढणारे पाहुणे.

"आजोबा, पाणी आम्हीच आत घेतोय. खाजण जगायला हवं ना!" रखवालदार ओरडला.

"आणि भात?" आप्पा सगळा भार टाकून फळी खाली दाबत होते.

रखवालदारानं कुंदाकडे पाहिलं. तिनंही फळीला हात घातला. "भात कापून झालं, आप्पा. कालच घरात आणलं."

"मग येऊ दे," म्हणत आप्पा निवांत बांधावर टेकले.

कुंदाचा हात मात्र फळीवरून निघेना.