मॉस्कोहून आलेलं पत्र

अकोल्यात रशियन वाचता येणारा माणूस एकच होता, म्हणून १९५७च्या उन्हाळ्यात मॉस्कोहून आलेलं पत्र घेऊन मैनाबाई मोरोपंत मास्तरांकडेच आली. तिचा नवरा भगवंत आणि मोरोपंत तरुणपणी कॉमिंटर्न या जागतिक कम्युनिस्ट संघटनेच्या शाळेत शिकायला मॉस्कोला गेले होते. परतले एकटे मोरोपंत. भगवंत न्यूमोनियानं गेला, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. "वाचा भाऊजी," ती समोर बसत म्हणाली. मोरोपंतांनी पत्रावरून नजर फिरवली. खोटं सांगणं सोपं होतं. पण वीस वर्षं खोटं सांगून ते थकले होते. त्यांनी वाचायला सुरुवात केली. भगवंत हेर नव्हता. जुना खटला पुन्हा तपासला असून तो निर्दोष ठरला आहे. सोबत आलेल्या मित्राच्या खोट्या साक्षीवरून त्याला शिक्षा झाली होती. मैनाबाईनं मान वर केली. "सोबत तर तुमीच होते ना भाऊजी?" "हो. साक्ष मीच दिली. नसती दिली तर मलाही धरलं असतं." आता ती शिव्या देईल, उठून निघून जाईल, असं मोरोपंतांना वाटलं; जावी, असंच वाटत होतं. पण ती जागची हलली नाही. "पुढं वाचा. कसे गेले ते आयकाचं हाये मले." पुढच्या ओळीत गोळी घातल्याची तारीख होती. मोरोपंतांनी ती मोठ्यानं वाचली.