शेवटच्या नराची सोबतीण

यांत्रिक मादी बंद पडून दोन दिवस झाले होते, आणि जगातला शेवटचा माळढोक तिच्याजवळून हलला नव्हता. जैसलमेरजवळच्या वाळवंटात इंटर्न म्हणून आलेली मृण्मयी बॅटरी घेऊन पोचली, तेव्हा भर उन्हात तो पंख पसरून मादीवर सावली धरून उभा होता.

"लवकर करा, बाईसा," वनरक्षक खेताराम म्हणाला. "पाण्याला जातच नाही तो."

मृण्मयी वाळूतून सरपटत गेली. नराने तिच्या हातावर चोच मारली, रक्त आलं, पण बॅटरी बसली. मादीने मान उचलली आणि ती पाणवठ्याकडे चालू लागली. नर अडखळत तिच्यामागे गेला. तो बराच वेळ पाणी प्यायला आणि मग गळा फुगवून तिच्यासमोर नाचू लागला.

खेतारामने हळूच विचारलं, "बाईसा, ही मादी अंडी कधी घालणार?"

माणसांनी बनवलेली ही मादी एक दिवस अंडीही घालेल, याच आशेवर तो गेली सहा वर्षं राखण करत होता, हे मृण्मयीला आत्ता कळलं.

"नाही घालणार, काका. त्याने एकटेपणामुळे खाणंपिणं सोडू नये, म्हणून बनवलीय तिला."

खेतारामने मान हलवली. पाण्याची रिकामी कॅन उचलून तो जीपकडे चालू लागला. नराकडे त्याने वळून पाहिलं नाही.