साठची घाई
सिनेमावाल्या साहेबांची चाकांवरची खोली जीपमागे जोडून हरेश मुरबाडहून माळशेजकडे निघत होता. "साहेब, मागं वजन हाय, चाळीसच्या वर नको." "साठनं घे, मला घाई आहे," म्हणत साहेब खोलीत शिरले. अठ्ठ्याण्णवच्या शिमग्यालाही त्यांना घाई होती. याच रस्त्यावरच्या वैशाखरे गावात त्यांच्या मोटारीनं हरेशच्या बहिणीला उडवलं. ती जागीच गेली, मोटार थांबली नाही. हरेशला चालवणाऱ्याचा चेहरा तेवढा दिसला होता. तो आज सापडला. हरेशनं काटा साठवर नेला. खोली हेलकावू लागली, आतून किंकाळ्या आल्या. जोरात ब्रेक मारला तर ती उलटणार होती. हरेशनं पाय ब्रेकवर नेला. मग त्यानं तो उचलला, वेग उतरला. वैशाखऱ्यात थांबून त्यानं दार उघडलं. "माझी बहीण इथंच मेली. तुमी थांबला नाय. आता थांबा." दार बाहेरून लावून तो पोलिसांना आणायला निघाला.