होडीसाठी शर्यत

ऐका की गड्यांनो! धरणाचं पाणी चढल्यापास्नं आमची वाडी पलीकडंच अडकलीया. होडी न्हाई, म्हणून चिमाजीतात्यांची बाळंतपणात अडलेली लेक काठावरच गेली. तवापास्नं तात्यांनी आमा पोरांच्या पाठीला वाळके भोपळे बांधले अन् दोन वर्सं पवायला शिकवलं. काठावरनं वरडायचे, “पाय मारा, म्हशींनो! भोरला तालुक्याच्या सायबापुढं पवायची शर्यत जिंकायची अन् बक्षीस म्हणून वाडीला होडी मागायची!”

काल पयले तिन्ही नंबर आमचेच! तात्यांनी हात जोडून होडी मागितली.



सायबानं खूश होऊन त्यांची पाठ थोपटली अन् म्हणाला, “शाब्बास! तुमच्या वाडीला एवढं छान पोहता येतं, मग होडी कशाला हवी?”